चौथा पाय

सूरला, खाडीच्या काठी,
गलबतांच्या वखारीमागे माझी पत्र्याची शेड.
झुवैना आली ती एक फळी घेऊन,
तान्हं मूल आणावं तशी शालीत गुंडाळलेली.
नवऱ्याच्या संबूकची. बाकीचं संबूक चुलीत गेलं, म्हणाली,
एवढी मी भांडून ठेवली.
याचं बसायला काहीतरी कर, नज्जार.
शोभेचं नको. गुडघे दुखतात.

फळी नाकाला लावली.
मुशीच्या तेलाचा वास, चुन्याचा, आणि त्याखाली
ओळखीचा.
हा मलबारचा साग
माझ्याआधी ऐंशी वर्षं इकडे आला,
व्हिसा नाही, मुकादम नाही.

खिळ्यांची भोकं अकरा. लुकण भरून बुजवणार होतो.
ती म्हणाली, राहू दे, बूड गार राहील.

तीन आठवडे रेघ शोधत होतो.
कागदावर नाही, फळीतच.
लाकडाची शीर जिकडे वळली
तिकडे बैठक वळवली,
गलबताच्या कुशीचा बाक होता तसा ठेवला.
पाय इथल्या बोरीचे, खाली निमुळते.
खाच आणि कुसू. खिळा एकही नाही.
काचेवर ठेवून पाहिलं: चारी पाय टेकले,
पाणसळीतला बुडबुडा मधोमध.
बाबा असते तर त्यांनी नुसतं हूं केलं असतं,
आणि ते हूं मी दहा वर्षं पुरवलं असतं.

मस्कतहून एक बाई आल्या, गॅलरीवाल्या.
चष्मा काढून, वाकून, फिरून फिरून पाहिलं.
हे शिल्प आहे, म्हणाल्या, यावर कुणाला बसू देऊ नका.
मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

झुवैनाने ते नेलं. दुसऱ्या दिवशी तिचा नातू दारात:
आजी म्हणते, डुगडुगतं.

डुगडुगतं?

आयजाला, दीपस्तंभाच्या अलीकडे, तिचं घर.
जमीन दाराकडे उतरती,
धुतलं की पाणी आपसूक बाहेर जावं म्हणून
कुणा शहाण्याने दिलेला उतार.
आणि खिडकीपाशी, जिथून खाडीचं तोंड दिसतं,
तिथे एक खळगा.
पन्नास वर्षांचा. एका माणसाच्या मापाचा.
पाणसळ मी खिशातच ठेवली.

दुसरीकडे ठेवा ना, असं अगदी ओठावर आलं होतं.
तीन पायांचं केलं असतं तर ही वेळच आली नसती,
तिवईला जमीन कशीही चालते;
पण कडेवर हात रोवून उठणाऱ्या म्हातारीला
तिवई पालथी पाडते.

मग तिथेच बसलो, करवत घेऊन.
चौथा पाय दोन सूत कापला,
माझ्याच हातचा, घोटून घोटून आरसा केलेला.
बोरीचा भुसा तिच्या चटईवर सांडला.
ठेवलं. दाबलं. हललं नाही.
ती बसली, उठली, पुन्हा बसली.
बोलली काहीच नाही. कॉफी ओतायला लागली.

आता ते सबंध जगात
त्या एका खळग्यातच सरळ उभं राहतं.
माझ्या शेडमध्ये लंगडं.
गॅलरीच्या संगमरवरावर लंगडं.
बाईंचा परवा फोन: तसंच एक करून द्याल?
विचारलं, जमीन कुठली?
त्या हसल्या. मी खरंच विचारत होतो.

मे महिन्यात कुडाळला गेलो होतो, तेवीस दिवस.
भावाने घरभर नव्या टाइल्स घातल्यात,
गोटी ठेवली तर जागची हलत नाही.
पानावर बसलो तर मांडी नीट बसेना,
एक गुडघा सारखा अधांतरी.
वहिनी म्हणाली, खाली काही देऊ का, भावजी?

म्हटलं, नको.
दोन सुताचाच फरक आहे.