अर्धा मग

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात
गाडी चढावर धापा टाकायला लागली.
आधी वाटलं, थंडी. इथे मेन राज्याच्या उत्तर टोकाला,
नदीपलीकडे कॅनडा दिसतो तिथे,
कशाचंही खापर थंडीवर फोडता येतं.

नॉर्मंड म्हणाला, ट्रान्समिशन गेलं असणार.
लाकूडगिरणीने घरी बसवल्यापासून
तो सगळ्यांत वाईट तेच आधी बोलून टाकतो,
म्हणजे नंतर दुसऱ्याकडून ऐकावं लागत नाही.

ट्रान्समिशनचे अडीच हजार डॉलर.
आमच्याकडे चारशे बारा,
त्यातले तीनशे घर तापवायच्या तेलाचे.
टाकीत काठी घालून नॉर्मंड रोज ओल बघतो,
बोटाने मोजतो,
आणि आत आल्यावर आकडा सांगत नाही.

ओडेटने फ्रिजवर कागद चिकटवला:
'काय काय कमी करता येईल.'
नऊ वर्षांची आहे.
स्वतःपुढे लिहिलं, चॉकलेटचं दूध.
बाबापुढे बिअर, बाबाला न विचारता.
माझ्यापुढे तिला काही सुचलं नाही.
त्या कोऱ्या जागेकडे बघत मी उभी राहिले,
बटाटे करपेपर्यंत.

शेवटची ओळ: बोस्को. खाणं.

कारण पोतं पुरतच नव्हतं.
सहा आठवडे जायचं ते, हल्ली चौथ्यातच तळ.
बोस्को तेरा वर्षांचा, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
तो रात्री उठून चोरून खातो, असं ठरलं.
कुणी पाहिलं नव्हतं. ठरलं.
मी मग अर्धा भरायला लागले.
त्याने भांडं चाटलं, माझ्याकडे पाहिलं,
पुन्हा चाटलं.
म्हटलं, बघू नकोस रे असा.

मादाम मांजर तेवढी दिवसभर
गाडीच्या बॉनेटवर बसून.
ऊब लागते म्हणून, आम्हाला वाटायचं.

शनिवारी निघालो, तिघं आणि कुत्रा,
ताशी वीस मैल, मागे बटाट्याच्या ट्रकांची रांग.
लिओ पेल्तिएने बॉनेट उचललं,
कसलासा काळा डबा उघडला,
आणि पाना खाली ठेवून हसत सुटला.

हवेची गाळणी.
आत काठोकाठ बोस्कोचं खाणं,
तपकिरी गोळ्या, दाबून, रचून,
वर ओडेटच्या हरवलेल्या लाल मोज्याची लोकर.
एका उंदराने केलेली हिवाळ्याची बेगमी.

"गाडी ठणठणीत आहे," लिओ म्हणाला,
"नाकात बोळे घातले तर तुम्हीसुद्धा चढावर थांबाल."
गाळणीचे अठरा डॉलर. मजुरी नको म्हणाला.
"मांजरीला मात्र कामावरून काढा!"

नॉर्मंड हसला नाही.
मग घराच्या वाटेवर, चर्च मागे पडल्यावर,
एकदम हसला, इतका
की गाडी कडेला घ्यावी लागली.

मी मागच्या सीटवर होते, बोस्कोजवळ,
मांडीवर त्या गोळ्यांनी भरलेला कॉफीचा डबा.
चोर सोडून संन्याशाला सुळी.
एकवीस दिवस. बोटांवर मोजले, दोनदा.
कुत्र्याची माफी मागायची तर कुठल्या भाषेत?
हातानेच भरवलं.
पेट्रोलचा वास मारणाऱ्या गोळ्या
त्याने कुरकुर न करता खाल्ल्या
आणि माझी बाही पुसायला घेतली.

"आता उंदीर काय खाईल?" ओडेटने विचारलं.
कुणीच काही बोललं नाही.
घरी येऊन तिने शेवटची ओळ खोडली.
माझी जागा अजून कोरीच आहे.

रात्री नॉर्मंड काठी घेऊन टाकीपाशी गेला,
बऱ्याच उशिराने आला.
सकाळी पाहिलं तर गॅरेजच्या कोपऱ्यात,
गाडीपासून दूर,
सार्डिनच्या रिकाम्या डब्यात मूठभर गोळ्या.
शेजारीच मादाम, पाय पसरून झोपलेली.

मी विचारलं नाही.
बघू, हे पोतं किती आठवडे जातं.