आतल्या बाजूचं फूल

फाव्हिएने ल्योंहून खुर्ची आणली,
बाळंतिणीला उतरवावं तशी गाडीतून उतरवली.
"पंधरावा लुई," म्हणाला, जणू राजाच
मागच्या सीटवर बसून आलाय.
"शिक्का शोध, ओडिल. कारागिराचं नाव निघालं तर तिप्पट."
मी बोलले नाही. तोंडात चुका होत्या,
बारीक, काळ्या, लोखंडाची चव सोडणाऱ्या.

आधी निघाली जांभळी मखमल, कुण्या दंतवैद्याच्या हौसेची.
तिच्याखाली विरलेलं हिरवं रेशीम, मग गोणपाट,
मग घोड्याच्या शेपटीचे केस, अजून ताठ,
तबेला न विसरलेले.
त्यांच्यात एक टाचणी आणि वाटाण्याचा एक दाणा.

उघडी पडली चौकट. अक्रोडाची.
पॅरिसवाले बीचवर सोन्याचा मुलामा चढवायचे;
इथे इझेरकाठी अक्रोड दारातच,
थोडं मेण चोळलं की आपोआप उजळतो.
पाय हरणाचे. पुढच्या पट्टीवर तीन फुलं,
मधलं जरासं डावीकडे कललेलं,
कोरता कोरता कुणी दाराकडे पाहिल्यासारखं.

शिक्का नाही.
राजधानीतल्या संघाचे नियम इथवर यायचे ते
दमून, अर्धे विसरून.

आरसा धरून मागच्या पट्टीच्या आत पाहिलं
तर तिथे एक फूल.
चार पाकळ्या उमललेल्या, पाचवीवर पटाशी घसरलेली,
नखाएवढी खोल जखम.
तिथेच काम थांबलं.
लाकूड टाकवलं नसणार. पट्टी फिरवली,
कोरी बाजू बाहेर, खुंट्या ठोकल्या.
पटाशी शिकाऊ पोराची असेल
तर कानाखाली आवाज निघाला असेल.
त्याची स्वतःची असेल
तर त्या रात्री सूप मुकाट्याने प्यायला असेल.

वर माणसं बसत गेली,
नोटरी, विधवा, हिशेब चुकवणारे भाऊ.
फूल कुणालाच टोचलं नाही.

माझी पहिली वाकडी शिवण बाबांनी
अशीच गादीखाली घेतली होती.
ती खुर्ची आता कुठल्या गावात आहे कोण जाणे.

दुपारी फाव्हिएचा फोन. "निघालं का नाव?"
"नाव नाही," मी म्हटलं. तेवढंच विचारलं होतं त्याने.

नवे पट्टे ताणले. केस धुऊन, पिंजून परत भरले.
वाटाणा होता तिथेच ठेवला.
आणि ओठांतून एकेक चूक काढत
ठोकत गेले,
मागच्या पट्टीवर जरा हलक्या हाताने.