शितावरून

किडरमिन्स्टरला, बंद पडलेल्या गालिचा-कारखान्यामागे
पन्नास मीटरचा एक बोगदा आहे, पत्र्याचा.
आत ना वारा, ना ऊन, ना मी.
माझ्या रायफलचा दस्ता काढून
डेनिस ऑल्कॉकने नळी पोलादी पकडीत आवळली
आणि जिथे माझा गाल टेकतो ती जागा
टेबलावर ठेवून दिली, चष्म्याच्या डबीशेजारी.
"चहा घे," म्हणाला, "आता तुझं काही काम नाही."

पॉइंट टू टू. करंगळीच्या दोन पेरांएवढं काडतूस, मेणचट.
तळाच्या दुमडीत दडवलेली ठिणगी
सगळीकडे सारखी पसरली तर पसरली;
नाही पसरली, तर बाहेरून कोणाला कळणार?
दिसायला सगळी एका आईची.

बाबा सराफकट्ट्यावर बसायचे, मिरजेला.
चाळीस ग्रेन शिसं म्हणजे त्यांच्या हिशेबात
एकवीस गुंजा, आणि वर नखावर मावेल एवढं.
त्यांच्याच तराजूत मी काडतुसं तोलली,
हॉस्पिटलच्या रात्रपाळीहून आल्यावर, ओट्यावर,
हलकी डावीकडे, जड उजवीकडे.
काठाची जाडी मोजली. तक्ते केले.
तरी रविवारी दोन गोळ्या गेल्याच
नवाच्या कड्यात, घड्याळातल्या साडेचारच्या बाजूला,
जशा काही तिथेच राहायला होत्या.

लॉट वाईट आहे, मी म्हणायचे.
दोन वर्षं म्हणत होते.

डेनिस लॉट बदलतो. आधी दहा गोळ्या नुसत्याच सोडतो,
मागच्या लॉटचं मेण नळीतून जायला हवं म्हणून,
एक पंगत उठल्यावर जमीन पुसून घ्यावी तसं.
मग दहा. मग पुन्हा दहा.
पडद्यावर ठिपक्यावर ठिपका.
सोळा मिलिमीटर. पंधरा आठ.
एकोणीस: एक गोळी खाली लोंबलेली,
वेग सेकंदाला सात मीटर कमी.
"ही बघ," तो म्हणतो,
शाळेत उशिरा आलेलं पोर दाखवावं तसं.

शितावरून भाताची परीक्षा, आई म्हणायची,
आणि शीत दोन बोटांत चिरडून बघायची.
इथे शीत उरत नाही.
जी गोळी चांगली होती ती गेली;
तिच्या वतीने शब्द देतात डब्यात राहिलेल्या बहिणी,
आणि त्यांनी तो पाळला की नाही
ते त्याही गेल्यावर कळणार.

सातवा लॉट. तेरा चार.
डेनिस काही बोलत नाही, फक्त पेन उघडतो.

मग मी पिशवीतून माझा जुना डबा काढला,
दोन वर्षं शिव्या खाल्लेला.
"हाही बघ," म्हटलं, "अर्धाच आहे."

तेरा नऊ.
परत एकदा. तेरा सहा.
कागदाला एकच भोक, कडा जरा फाटलेली,
करंगळीचं टोक जाईल एवढं.

डेनिसने माझ्या हाताकडे पाहिलं नाही.
शहाणा माणूस. पाना शोधत बसला,
जो त्याच्या खिशातच होता.
मी पाहिलं. कपातल्या चहावर
बारीक वर्तुळं उमटत होती:
दहाचं, नवाचं, आठाचं.

"मग कुठला देऊ?"
तेरा चारचा, म्हटलं.
"किती?"
आठवड्याला चाळीस. म्हणजे वर्षाला दोन हजार,
सुट्ट्या धरून.
त्याने दहा हजार लिहिले.
"परवान्यात बसतील तेवढ्या आज ने,
उरलेल्या ठेवतो बाजूला, तुझ्या नावाने."

पाच वर्षं होतात ती.
मी चष्मा पुसला, परत घातला,
आकडा नीट वाचला.
दुरुस्त केला नाही.