कोऱ्या कागदाचं वजन

आठवड्यातून दोनदा, पहाटे सहाला
मी विश्रामबागेतल्या एका गच्चीवर चढते
आणि हवेचा कागद बदलते.

काम एवढंच.
यंत्राचं झाकण उघडायचं, चिमट्यानं कागद उचलायचा,
पाकिटात घालायचा, वर तारीख, वेळ
आणि सही: वि. भू. मगदूम.
नवा बसवून स्क्रू आवळले
की ते परत घोरायला लागतं
साऱ्या सांगलीचा श्वास आपल्या नाकानं ओढत.

श्रावणात कागद घातला तसाच निघतो.
कारखान्यांचे भोंगे सुरू झाले
की आधी कोऱ्या चहाचा रंग, मग शिकेकाईचा,
आणि मार्गशीर्षात
तव्याचं बूड.

वरून तेव्हा गाव दिसत नाही.
कृष्णेवरून धुकं येतं, धूर त्याला वाटेत गाठतो,
दोघं मिळून पातेल्यावर झाकण बसावं तसे
बसून राहतात, नऊ-नऊ वाजेपर्यंत.

खाली रस्त्यावर शेवंता आवळे
पाचोळ्याला काडी लावते.
एकदा मी वरून ओरडले होते, जाळू नका मावशी!
ती झाडू टेकून वर बघत म्हणाली,
"गाडी न्हाई आली चार दिस.
ढीग दिसला की मुकादम खाडा मांडतोय.
तुजं यंत्र देतंय व्हय माजा पगार?"
त्यानंतर मी ओरडले नाही.

बेकरीला नोटीस गेली तेव्हा
रियाज नदाफ खारीचा पुडा घेऊन लॅबमध्ये आले.
काळा कागद उजेडाकडे धरून विचारलं,
"ताई, ह्यात माझा किती?"
आमचा काटा चार दशांशांपर्यंत बोलतो.
काजळी मात्र आडनाव सांगत नाही.
खारी ताजी होती. आम्ही दोघांनी खाल्ली.

बैठकीत कारखान्याचा माणूस म्हणाला, वारा कुपवाडकडून येतो.
कुपवाडचा म्हणाला, फडातल्या पाचटाकडून येतो.
"वारा नव्हताच त्या आठवड्यात,"
शेवटच्या खुर्चीवरून मी म्हणाले.
इतिवृत्तात ते आलेलं नाही.

आणि आमच्या घरी बंब आहे.
तांब्याचा, चिंचेनं घासलेला.
आण्णा उठल्यावर दम्याचा पंप ओढतात, दोनदा,
मग बंबात शेंगांची टरफलं घालतात.
गिझर आणला, तर म्हणाले, ह्या पाण्याला ऊब नाही,
नुसतंच गरम आहे.
एका रविवारी मी टरफलांचं पोतं माळ्यावर लपवलं.
सोमवारचा कागद
आदल्या खेपेपेक्षा जड निघाला.
एका बंबानं काही होत नसतं, मला ठाऊक होतं.
तरी काट्याकडे दोनदा पाहिलं.
पोतं खाली काढून ठेवलं.

पौषात एका दुपारी मात्र वारा सुटला.
गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे पळाले,
दंडोबाचा डोंगर अचानक जवळ आला,
कागद निघाला जवळजवळ पांढरा.
दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो:
रस्त्यावर पाणी मारणारा टँकर,
बॉनेटवर झेंडूचा हार.

कोऱ्या कागदालाही वजन असतं.
लावायच्या आधी ते लिहून ठेवायचं,
नंतर वजा करायचं, म्हणजे उरतं ते हवेचं.
आण्णांच्या छातीचं कोरं वजन
कुठल्याच रजिस्टरात नाही.
शेवंताच्या नाही. माझ्याही नाही.
वजा कशातून करणार?

आज घरी आले तर ते बंबापाशीच बसलेले,
शाल कानांवरून, डोळे धुरानं लाल.
"किती भरला आज?"
"जास्त."
ते थोडा वेळ खोकले.
"पाणी तापलंय बघ. निवायच्या आत अंघोळ कर."

मी बादली भरून घेते.
पाणी चांगलं कडक आहे.