सातवी चिठ्ठी

आठ संघांत आम्हाला सातवी चिठ्ठी आली.
म्हणजे ताट पुढं सरकेस्तोवर सुकट उरणार,
हे तळवलीत शेंबड्या पोरालाही कळतं.
तरी निवडीच्या रात्री मरीआईच्या ओट्यावर
एवढी माणसं जमली
की कुत्र्यांनी झोपायची जागा बदलली.

जोमा मढवी सुरू झाला,
'चढाईवाला कशाला आनला? तीन हायेत.
तिगंबी पलतात, तिगंबी परत येत नाय.
डावा कोपरा चार वरसं उघडा हाय आपला,
आन् घरात…'
इथं तो थांबला.
खिशातली तंबाखूची पुडी उगाच शोधू लागला.

भूषणनं मोबाईल वर धरला.
शिराळ्याचा यशवर्धन खोत, वय अठरा,
उंची, वजन, यशस्वी चढाया एकसष्ट टक्के.
टक्के म्हणताच म्हातारे हसले.
'साडेबारा टक्क्यांची फाईल घेऊन
पंधरा वरसं सिडकोचे जिने झिजवले आमी.
टक्के नको सांगू, बाला.'

बेबीताई टोपली उपडी करून बसलेली.
'कल्ला उचलून पापलेट घेता ना?
त्या पोऱ्याचा घोटा बघलाव का कोनी?'
कोणी बघितला नव्हता.
ओट्यावर क्षणभर फक्त
हाय टेन्शनच्या तारांची गुणगुण.

एक वाजेपर्यंत सगळं बोलून झालं.
मॅटवर पाय घसरतो की मातीत,
गेल्या वर्षीचा कप्तान लग्नानंतर का जड झाला,
दिवाळ्याकडे पैसा कुठून येतो.
एकच नाव कोणी घेत नव्हतं.
रस्त्यात खणून ठेवलेला खड्डा असावा
तसा प्रत्येक जण त्याला वळसा घालत होता,
कारण हिराजी केणी तिथंच बसला होता,
खांबाला टेकून, चप्पल हातात.

त्याचा मितेश. डावा कोपरा.
आमच्याच मैदानात, आमच्याच चुन्यात वाढलेला.
आता दिवाळ्याचा.

निवडीला आम्ही तिघं बसलो होतो.
मंडळातला एक म्हणाला मितेश, एक म्हणाला खोत.
तिसरं मत माझं.
मी हिशेब मांडला होता, चांगला पेन्सिलीनं:
आठवी चिठ्ठी दिवाळ्याची, त्यांना पाठोपाठ दोन खेळाडू,
लगेच पुन्हा आमची पाळी.
दिवाळ्याकडे दोन कोपरे आधीच आहेत.
तिसरा कशाला घेतील?
आधी खोत घेऊ, मग मितेश.
दोन्ही आपले.
त्यांनी पहिला घेतला चढाईवाला.
मी पेन्सिल खाली ठेवली, हसलोसुद्धा असेन.
मग माईकवरून नाव आलं.

हे ओट्यावर कोणाला माहीत नाही.
तीन मतं म्हणजे तीन मतं,
आत काय झालं ते आतच, असा मंडळाचा नियम.
सव्वीस वर्षं गुणलेखन करतोय,
खाडाखोड करायची नसते एवढं मला येतं.

हिराजी शेवटी बोलला.
'शिराल्याचा पोऱ्या चांगला हाय.
चिपलूणला बघलाय मी. बोनस घेतो.'
आणि जोमासकट सगळे माना डोलवू लागले
इतक्या जोरात, की मला खालीच बघावं लागलं.

तेवढ्यात मितेश स्कूटर घेऊन आला.
'पप्पा, चला. आई जागी हाय.'
भूषणला काहीतरी विचारायला हवं होतं.
'दिवाळ्याची जर्सी कोणत्या रंगाची रे?'
'निली,' तो म्हणाला.
बेबीताईनं त्याच्या पायाकडं बघितलं,
सावकाश, सकाळी सहाच्या लिलावात बघते तसं.
'घोटा बरा हाय,' ती म्हणाली,
सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सतरा तारखेला सामना आहे. आमचा आणि दिवाळ्याचा.
यंदा वही दुसऱ्या कोणाकडे द्या, असं मी कळवलंय.
कारण विचारलं तेव्हा चष्म्याचा नंबर सांगितला.