पन्नास मीटर

करार चौदा पानांचा आहे.
मराठीतच आहे, पण अशा मराठीत
जी आमच्या भिवापुरात कोणी भांडतानाही बोलत नाही.
माझं नाव त्यात एकदाच येतं, पहिल्या पानावर,
कवडू गोविंदा नन्नावरे, वय एक्कावन्न.
तिथून पुढे मी द्वितीय पक्ष.
भांडण झालंच तर लवाद नागपुरात,
एस.टी.नं दोन तास,
खिडकी मिळाली तर बरे जातात.

प्रज्योत टॅब मांडीवर घेऊन ओट्यावर बसला.
पोरगा चांगला आहे. चहा बशीत ओतून पितो,
म्हणजे कोणाच्या तरी घरचा आहे.
काका, भाव लावणीआधीच ठरलेला, म्हणाला,
रोपं आमची, गाडी तुमच्या बांधावर,
देठ तेवढे खुडलेले पाहिजेत,
रंग मशीन सांगेल.
आणि तिखट? मी विचारलं.
त्यानं स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली.
तिखटाचाही रकाना होता.
त्यात लिहिलं होतं: मध्यम.

पानठेल्यावर देवाजी दडमल म्हणाला,
'मले त बरं वाटते बा.
पोयालेच मालूम राह्यते, होळीले किती येतीन.
झोप लागते.'
किसना श्रीरामेनं पिचकारी मारली.
त्याची तीन पोती वापस आली होती,
कारण: ओलावा.
'मिरची होय का खिळे होय?
थोडा ओलावा राहीन नाई त काय?'
मग सगळे हसले, आणि मग कोणी बोललं नाही,
कारण सगळ्यांना ते साल आठवलं
जेव्हा बाजारात भाव दुप्पट झाला
आणि आम्ही रातोरात छोटा हत्ती भरून
कंपनीची मिरची अडत्याला घातली,
आणि कोकडा आला म्हणून कंपनीला लिहून दिलं.
साहेब आला होता. हिरवीगार झाडं पाहिली त्यानं,
तांब्याभर पाणी प्यायला,
गेला.

पंचफुला बाराव्या वर्षापासून
मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायची.
शब्दाखाली बोट ठेवून वाचते, थांबत थांबत,
त्यामुळे तिच्या नजरेतून काही सुटत नाही.
कलम नऊपाशी बोट थांबलं.
करारित क्षेत्राच्या पन्नास मीटर परिघात
मिरचीचे अन्य वाण घेऊ नये.

'न्हाणीजवळची झाडं धरून?'

सहा झाडं. तिच्या मायच्या घरचं बी.
पेरभर मिरची, जाड साल,
आंघोळीच्या पाण्यावर वाढलेली,
वरणात एक टाकली तरी
पाहुणा तिची जात विचारतो.

तिनं विहिरीचा दोर सोडला.
एक टोक माझ्या हातात, वावराच्या पहिल्या तासावर,
दुसरं घेऊन ती न्हाणीपर्यंत.
भर दुपारी नवरा-बायको दोर ताणून उभे पाहून
रस्त्यानं जाणाऱ्यानं विचारलंही, वाटणी होय का?
एकतीस मीटर भरले.
'झाडं सरकव,' मी म्हणालो.
'वावर सरकव,' ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रज्योतनं दोन एकरांतले बारा आर
टॅबमधून पुसले. या पट्ट्यात काय घेणार, काका?
मला माहीत नव्हतं.
लाखोरी, आतून आवाज आला.
त्यानं 'इतर' दाबलं.

मी बाकीच्यावर सही केली.
का केली, ते देवाजीला विचारा,
किसनालाही विचारा, दोघांचंही खरं आहे.
पेन पंचफुलानं आणून दिला होता,
पाट्यावर वाटता वाटता उठून,
हात न धुता.
सही घेऊन प्रज्योतनं तोच पेन खिशाला लावला
आणि जाता जाता डोळा चोळला.

उंबऱ्याशीच बसला बिचारा खाली.
तिनं तांब्या पुढे केला.
'घे बापा, पाणी मार.
मध्यमच आहे.'