वंटमुरीचा काटा

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या गल्लीत
भरमा कणबरकरच्या शेडमध्ये
आमची अँबॅसिडर तोंड उघडून उभी.
शहाऐंशीची. रंग कधीकाळी दुधी.

'पयल्यांदा काट्याला इचारायचं नाही,' भरमा म्हणाला,
'काटा सांगतो ते त्याला कुणीतरी सांगितलेलं असतंय.'
आणि इंजिनाच्या डोक्यावरची एकुलती वायर
दोन बोटांनी उपसून काढली.
काटा लालवरून निमूट खाली, थंडवर.
वायर बॉडीला टेकवली:
उसळून लालच्याही पलीकडे.
'म्हणजे वायर शाबूत. काटा जिवंत हाय.'
नवा सेन्सर बसवला, एकशे ऐंशी रुपयांचा.
पाच मिनिटांत काटा परत लालवर,
भाडं थकवून हक्कानं झोपलेल्या भाडेकरूसारखा.

इरण्णानं डेअरीतनं मागून आणलेला थर्मामीटर
रेडिएटरच्या पाण्यात सोडला, वाकून वाचला.
'बिसी इल्ल्री. एंबत्तु.'
ऐंशी.
इंजिनाला ऐंशी म्हणजे आपल्याला अठ्ठ्याण्णव.
ताप नाहीच.

तेव्हा मी सहज म्हणाले,
ह्या गाडीत दोनदा पेट्रोल संपलंय रस्त्यात,
दोन्ही वेळा काटा अर्ध्यावर,
आणि ह्यांनी हत्तरगीच्या पंपवाल्याशी भांडण काढलेलं.
भरमाचा पाना हातातच थांबला.
'हे आधी सांगायचं की वो अक्का!'
दोन काटे एकाच अंगाला खोटं बोलायला लागले
की काट्यांना धरायचं नसतं,
दोघांना भरवतंय कोण ते बघायचं.

तो उताणा आत शिरला, डोकं डॅशबोर्डखाली,
पाय गल्लीत. बराच वेळ नुसते पायच बोलत होते.
'मीटरमागं आगपेटीएवढी डबी हाय,
करंट मोजून देणारी. तिचा स्क्रू गंजलाय.
अर्थ मिळंना तिला.
अर्थ मिळाला नाही की ती सगळंच जादा दाखवती.'

चौतीस वर्षं मी शाळेत अर्थ शिकवला,
खालील ओळींचा अर्थ लिहा, गुण तीन.
पॉलिश पेपरनं घासून मिळणारा
पहिल्यांदाच बघत होते.

'म्हणजे हे इंजिन कधी तापलंच नव्हतं?'
'छे. वरनं हात लावला असता तरी कळलं असतं.'

अकरा वर्षं.
दर दुसऱ्या शनिवारी निपाणीला, सासूबाईंकडे जाताना
वंटमुरीच्या घाटात, त्याच वळणावर, त्याच करंजाखाली
हे म्हणायचे, 'काटा चढला. अर्धा तास निवू दे.'
बॉनेट उघडायचं. बाटलीतलं पाणी टाकल्यासारखं करायचं.
मी चपला काढून दगडावर पाय लांब करायची,
डोक्यावरचा पदर खांद्यावर,
शेंगा फोडत बोलत सुटायची,
हेडमास्तरांची नक्कल, न लिहिलेलं राजीनाम्याचं पत्र,
आणि हसायची, मोठ्यानं, ट्रकवाले वळून बघतील इतकं.
मग निपाणी.
तंबाखूच्या वासाचं माजघर. पदर परत जागेवर.

येताना काटा तसाच लालवर असायचा.
येताना कधी थांबलो नाही.
हे मला आज, ह्या शेडमध्ये आठवलं.

वळून बघितलं तर हे स्टेपनीवर बसलेले,
दुसऱ्याच कुणाच्यातरी टायरची नक्षी
लक्ष देऊन वाचत.

भरमानं चावी फिरवली.
काटा सावकाश चढला, मध्यावर आला, तिथेच राहिला.
पेट्रोलचा मात्र रिकाम्याकडे पडला.
'आता भरवसा ठेवा ह्याच्यावर.'

निपाणीचं घर विकून चार वर्षं झाली.
तरी नोटा मोजता मोजता मी म्हणाले,
'शनिवारी वंटमुरीपर्यंत जाऊन येऊ.'
'आता तिकडं काय काम?'
'इंजिनाला हात लावून बघायचाय.'